एमआरआयआधीची रबरी हातोडी

“डॉक्टरांनी नीट तपासलंच नाही. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उचलून पाहिला, तळव्यावर काहीतरी ओढलं आणि म्हणाले, एमआरआयची गरज नाही.” कंबरदुखी किंवा मानदुखीसाठी दवाखान्यात जाऊन आलेल्यांची ही तक्रार नेहमी कानावर येते. पहिल्याच भेटीत एमआरआय लिहून देणाऱ्यांचं मात्र कौतुक होतं. मला हे उलटं वाटतं. हातोडी, उचललेला पाय आणि तळव्यावरची ती रेघ हीच खरी तपासणी आहे. ती झाली नसेल, तर मणक्याच्या कोणत्या भागाचा एमआरआय काढायचा हेसुद्धा धड ठरत नाही.

आधी एमआरआयबद्दल. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते, आणि त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक चकती, म्हणजे दोन मणक्यांमधली मऊ गादी, फुगलेली निघाली. २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांचा, म्हणजे ३,११० वेदनामुक्त माणसांचा, एकत्र आढावा घेतला गेला. विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या, आणि यांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘चकती फुगलेली’ असं लिहून आलं, तरी वेदना तिथूनच येते आहे हे सिद्ध होत नाही. चित्रात चकती दिसते, वेदना दिसत नाही. या दोन गोष्टींची सांगड तपासणीच घालते. म्हणूनच काही त्रास नसताना केवळ ‘पॅकेज’मध्ये मिळतोय म्हणून मणक्याचा एमआरआय करून घेणं मला घातक वाटतं, कारण धडधाकट माणूस त्यातून रुग्ण होऊन बाहेर पडतो.

आता हातोडीकडे येऊ. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, टोला दिला की पाय आपोआप पुढे उडतो. १८७५ साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचं वर्णन प्रसिद्ध केलं. वेस्टफालना वाटलं, हा स्नायूचाच स्थानिक प्रतिसाद आहे. एर्ब म्हणाले, नाही, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येतो. एर्ब बरोबर होते.

घडतं ते असं. टोल्यामुळे कंडरा दबते आणि मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक संवेदक असतात. ते लगेच पेटतात आणि त्यांचा संदेश चेतातंतूंतून कंबरेतल्या चेतामुळांवाटे, म्हणजे मज्जारज्जूला जोडलेल्या तंतूंच्या जुड्यांवाटे, मज्जारज्जूत शिरतो. तिथे मध्ये आणखी कोणतीही पेशी न घेता तो थेट स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीला मिळतो. ती पेशी त्याच स्नायूला आकसायला सांगते. शाखेने गेलेला दुसरा संदेश मांडीच्या मागच्या स्नायूला गप्प बसवतो, नाहीतर दोघे एकमेकांना ओढत राहिले असते. टोल्यापासून स्नायूतली विद्युत हालचाल सुरू होईपर्यंत सुमारे २० मिलिसेकंद जातात. या सगळ्यात मेंदूला कुणी विचारत नाही.

पण मेंदूचा यात हात नाही असंही नाही. मेंदूकडून खाली येणारे तंतू या वर्तुळाला सतत लगाम घालत असतात. सगळी गंमत इथे आहे. वर्तुळ स्वतःच तुटलं, म्हणजे मणक्यातून बाहेर पडणारं चेतामूळ दबलं, तर टोल्याला प्रतिसाद मंदावतो किंवा नाहीसा होतो. वर्तुळ शाबूत असून वरचा लगाम सुटला, म्हणजे मज्जारज्जूच कुठेतरी वर दबला, तर पाय गरजेपेक्षा जोरात उडतो. एकाच टोल्याची दोन उलटी उत्तरं मिळतात आणि दोन्ही पत्ता सांगतात.

पत्ता किती नेमका? मुळांना मणक्याच्या भागावरून नावं आहेत: मानेतली सी, कंबरेतली एल, त्याखाली माकडहाडाच्या वरची एस, आणि आकडा वरून खाली मोजायचा. गुडघ्याचा टोला मुख्यतः एल-३ आणि एल-४ ही मुळं तपासतो, टाचेवरचा टोला एस-१. कोपराच्या पुढच्या बाजूचा, बायसेप्सचा टोला सी-५ आणि सी-६, मागचा ट्रायसेप्सचा टोला सी-७. एल-५ साठी भरवशाचा टोला नाही, म्हणून डॉक्टर पायाचा अंगठा वर उचलायला सांगून तो दाबून पाहतात. एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली चकती सरकली, तर बहुतेक वेळा एल-५ चं मूळ दबतं, एल-४ चं नाही, कारण एल-४ त्या चकतीच्या वरूनच बाहेर पडून गेलेलं असतं. शिवाय दोन्ही बाजूंची तुलना लागतेच. वय झालं किंवा जुना मधुमेह असेल तर दोन्ही टाचांचा प्रतिसाद नसणं यात फारसं नवल नाही. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तेव्हा कान टवकारायचे.

आता एक उदाहरण घ्या. कंबर दुखते, पाय जड वाटतात, चालताना तोल जातो. कंबरेच्या एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसते आणि सगळ्यांना वाटतं, कारण सापडलं. पण गुडघ्यावर टोला दिल्यावर पाय उसळतो. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नुसती मुळं लोंबत असतात. तिथल्या दाबाने प्रतिसाद मंद व्हायला हवा, जोरकस नव्हे. म्हणजे दोष वर आहे, पाठीत किंवा मानेत. मग तळव्यावर रेघ ओढतात. मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळायला हवा. तो वर गेला तर मज्जारज्जूवरचा संशय पक्का होतो. ही खूण जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये नोंदवली. मानेत सी-५ आणि सी-६ च्या पातळीवर दाब असेल, तर बायसेप्सचा प्रतिसाद मंद आणि त्याखालचे सगळे जोरकस, असं चित्रही दिसतं. अशा माणसाची मान दुखत असेलच असं नाही. त्याला शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, एवढंच जाणवतं. कंबरेचा एमआरआय कितीही चांगला असो, मानेतला दोष त्यात दिसणार नाही.

झोपवून पाय सरळ उचलण्याची चाचणी सोपी आहे. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली, तर मूळ ताणलं जातंय असा संशय घेतात. न दुखणारा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली, तर तो पुरावा अधिक भक्कम.

बहुतेक साधी कंबरदुखी काही आठवड्यांत बरीच कमी होते. चुंबकाचे पट्टे आणि मंतरलेले दोरे याच आठवड्यांवर जगतात: दुखणं ओसरायच्या बेतात असताना बांधायचे आणि श्रेय घ्यायचं. पट्ट्याने फार तर खिसा हलका होतो. मान झटक्याने कडकन मोडून घेणं मात्र टाळाच, कारण त्यात मेंदूला रक्त नेणारी धमनी फाटू शकते, आणि आधीच दबलेला मज्जारज्जू असेल तर धोका आणखी मोठा.

काही लक्षणांत थांबायचं नसतं. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, गुदद्वार आणि जननेंद्रियाभोवती बधिरता आली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालय गाठा. तिथे एमआरआय तातडीने लागतो. पाठदुखीबरोबर ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा क्षय, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडं, जोराची पडझड, यांतलं काही असेल तर लवकर दाखवा. तरुण वयात महिनोन् महिने सकाळी पाठ आखडत असेल आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर सांध्यांच्या दाहाचा विचार करावा लागतो, चकतीचा नव्हे.

डॉक्टरांकडे जाताना ‘हात दुखतो’ एवढंच सांगू नका. मुंग्या अंगठ्यात येतात, मधल्या बोटात की करंगळीत, हे नीट पाहून जा. अंगठा साधारण सी-६, मधलं बोट सी-७, करंगळी सी-८. पायातली कळ गुडघ्याच्या वर थांबते की खाली पोटरीपर्यंत जाते, खोकल्यावर वाढते का, तेही सांगा. पहिल्या भेटीत पायाच्या अंगठ्याची ताकद चांगली होती आणि आठवड्याभरात पाऊल जमिनीवर घासू लागलं, तर पुढच्या भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नका. वेदना तेवढीच असली, अगदी कमी झाली असली, तरी घटणारी ताकद उपचाराचा निर्णय बदलू शकते.