पीटर पार्करचं लग्न झालं होतं की नाही?

मडगावातल्या एका महाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत स्पायडरमॅनच्या, म्हणजे पीटर पार्करच्या, बायकोचं नाव विचारलं गेलं. एका गटाने मेरी जेन सांगितलं आणि गुण घेतले. दुसऱ्या गटाने लगेच हरकत घेतली: पीटरचं लग्न झालेलंच नाही, मग बायको कुठून आली? सूत्रसंचालकाने प्रश्न रद्द करून वेळ मारून नेली. वाद मात्र कँटीनमध्ये तासभर चालला, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो पोरखेळ वाटला. तो पोरखेळ नाही. त्याला साठ वर्षांचा इतिहास आहे.

कॉमिक्सच्या एका अंकातली गोष्ट दुसऱ्या अंकाशी जुळली पाहिजे, असा आग्रह सुरुवातीला कुणाचाच नव्हता. १९३८ साली डीसी कंपनीचा सुपरमॅन आला आणि पुढच्या वर्षी बॅटमॅन. तेव्हा वाचक म्हणजे शाळकरी पोरं, आणि ती दोन-चार वर्षांत मोठी होऊन हा नाद सोडणार हे प्रकाशकांनी धरूनच ठेवलेलं होतं. मागच्या अंकात काय घडलं, हे लक्षात ठेवणार कोण? पहिली गाठ बसली १९६१ मध्ये. डीसीच्याच फ्लॅश या नायकाच्या नव्या अवताराला जुना, १९४० च्या दशकातला फ्लॅश भेटला. नव्या फ्लॅशने लहानपणी जुन्याचे कॉमिक्स वाचलेले होते, म्हणजे एकाच्या जगात दुसरा हे छापील पात्र! त्यावर लेखकाने तोड काढली ती दोन पृथ्व्यांची. तेव्हापासून काही जुळलं नाही की ते दुसऱ्या पृथ्वीवर ढकलायची सोय झाली.

स्पर्धक कंपनीचं, मार्व्हलचं, तंत्र निराळं होतं. तिचे सगळे नायक एकाच न्यूयॉर्कमध्ये राहायचे आणि एकमेकांच्या अंकांत डोकवायचे, त्यामुळे चूक झाली की लपवायला दुसरी पृथ्वी नव्हती. १९६३ च्या स्पायडरमॅनच्या पहिल्याच अंकात पीटर पार्करचा एके ठिकाणी 'पीटर पामर' झाला. हल्कचा ब्रूस बॅनर मध्येच 'बॉब बॅनर' झाला, तेव्हा त्याचं पूर्ण नाव 'रॉबर्ट ब्रूस बॅनर' असल्याचं सांगून सारवासारव करण्यात आली. पुढे वाचकांनी पत्रातून चूक दाखवायची, वर ती चूक का नाही हेही पटवून द्यायचं, आणि बक्षीस म्हणून कंपनीने रिकामं पाकीट पाठवायचं, असा रिवाजच पडला. फुकटात दुरुस्तीचं काम करून घेण्याची ही युक्ती नामी होती. पण त्यातून वाचकाला कथेवर आपलाही हक्क आहे असं वाटू लागलं, आणि तो हक्क त्याने आजतागायत सोडलेला नाही.

गोव्यात हा वाद आला तो वेगळ्याच वाटेने. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागले, मराठीतही आले, आणि वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, घरोघर पोचला. (आमोण्याचा किंवा लोलयेचा ग्रामदेव बेताळ रात्री गावाची राखण करताना वहाणा झिजवतो, असं ऐकत वाढलेल्या पोरांना हा घट्ट कपड्यांतला, घोड्यावर बसणारा वेताळ जरा गमतीचाच वाटला असणार.) मूळ वर्तमानपत्री पट्ट्या कापूनछाटून अंकांत बसवलेल्या असत. त्या मूळ क्रमाने येत नसत. वेताळाच्या देशाचं नाव 'डेंकाली' केलेलं, ते वेगळंच. आधी वाचलेल्या अंकात डायना बायको, नंतर हाती आलेल्यात ती नुसती मैत्रीण, असं सर्रास व्हायचं, आणि त्यात कुणाला काही खटकत नसे.

अमेरिकन कॉमिक्स त्यानंतर आले तेही असेच तुटक. चवथीला मुंबईहून येणारे नातेवाईक दोन-चार अंक आणायचे. बोटीवर नोकरी करणारा एखादा मामा सिंगापूर किंवा रॉटरडॅमहून गठ्ठाच घेऊन यायचा. किनाऱ्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पर्यटकांनी टाकून दिलेले मिळायचे, कव्हर गेलेले, पाठीला चिकटपट्टी लावलेले. कथेचा तिसरा भाग हाती यायचा आणि पहिले दोन कधीच यायचे नाहीत. चौकटीच्या खाली तारांकित पिवळ्या पट्टीत 'अमुक अंक पाहा' अशी संपादकीय टीप असायची, आणि तो अंक पाहायला मिळण्याची काडीमात्र शक्यता नसायची. माझ्या मते गोव्यातले वाचक गोष्टींच्या सांध्यांबद्दल इतके हट्टी झाले ते यामुळेच. मधली गोष्ट स्वतः रचून भरून काढली असेल, तर पुढे कुणी ती खोटी ठरवलेली खपत नाही.

१९७३ मधला पीटरच्या मैत्रिणीचा, ग्वेन स्टेसीचा, मृत्यू हे यातलं जुनं रणांगण. खलनायक तिला पुलावरून खाली टाकतो, स्पायडरमॅन जाळं फेकून तिचा पाय पकडतो, आणि त्याच चौकटीत तिच्या मानेशी बारीक अक्षरांत 'स्नॅप' असा आवाज छापलेला आहे. ती पडल्याने गेली की जाळ्याच्या हिसक्याने? संपादकांनी पुढे वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना हिसक्याचं मान्य केलं. तरी पुलाचा घोळ राहिलाच: मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन पूल आणि चित्रात ब्रुकलिनचा!

१९८५-८६ मध्ये डीसीने बारा अंकांची महामालिका काढून सगळ्या पृथ्व्यांची एकच पृथ्वी केली. सुपरगर्ल मेली, १९६१ च्या गोष्टीतला नवा फ्लॅशही मेला, आणि आता हिशेब सरळ झाला असं जाहीर झालं. तो झाला नाही. हॉकमॅन हा नायक नक्की कोण, याची इतकी उत्तरं पुढच्या आठ-नऊ वर्षांत आली की १९९४ मध्ये पुन्हा झाडझूड करावी लागली.

या साऱ्यापुढे २००७ चा निर्णय अगदी घरगुती वाटतो. ना विश्व बुडालं, ना पृथ्वी फुटली. एक लग्न मोडलं, एवढंच.

पीटर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ मध्ये लागलं होतं, विशेषांकात आणि वर्तमानपत्रातल्या पट्टीतही. न्यूयॉर्कच्या एका बेसबॉल मैदानावर नट उभे करून समारंभसुद्धा झाला. पुढची वीस वर्षं लाखो वाचकांनी पीटरला संसारी माणूस म्हणून वाचलं. मुख्य संपादकांना मात्र हे लग्न खुपत होतं. बायको असलेला नायक म्हातारा वाटतो, घटस्फोट दिला तर आणखीच म्हातारा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. मग २००६ च्या महायुद्धकथेत पीटरने जगासमोर मुखवटा काढला, त्याचा सूड म्हणून त्याच्या मे काकूंना गोळी लागली, आणि चार भागांच्या कथेत मेफिस्टो नावाचा सैतान सौदा घेऊन आला: काकू वाचतील, पण तुमचं लग्न मला द्या. दोघांनी ते दिलं. सकाळी पीटर काकूंच्या घरात उठला तो अविवाहित. मुखवट्यामागचा चेहरा जग विसरलं होतं, आणि १९९३ मध्ये मेलेला मित्र हॅरी ऑसबर्न जिवंत होता.

वाचक खवळले, त्याला कारण होतं. खुद्द लेखकाचाच शेवटाला विरोध होता. शेवटच्या दोन भागांवरून आपलं नाव काढावं, इथवर त्याने ठरवलं होतं, आणि तसं नंतर जाहीरही केलं. हॅरी कसा परतला? लग्न झालं नसेल, तर वीस वर्षांतल्या नवरा-बायकोच्या गोष्टींचं काय? कंपनीचं म्हणणं असं की त्या सगळ्या घडल्याच, फक्त ते दोघं लग्नाविना एकत्र राहत होते. खुलासा यायला २०१० उजाडलं: लग्नाच्या सकाळी पीटर एका गुन्हेगाराच्या मागे गेला, बेशुद्ध पडला आणि मंडपात पोचलाच नाही. देवळाच्या जत्रेतल्या नाटकात कुणी कर्णाचा शेवट बदलला तर मागच्या रांगेतून जो आवाज येईल, तसाच आवाज तेव्हा उठला.

कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. लग्न काढल्यावर मासिक महिन्यातून तीनदा निघू लागलं आणि त्यातल्या काही कथा खरोखर उत्तम होत्या. पण गोष्ट पुढे नेऊन लग्न मोडणं वेगळं आणि ते लागलंच नव्हतं म्हणणं वेगळं. पहिल्यात लेखक वाचकाला रडवतो, दुसऱ्यात त्याची साक्ष बाद करतो. हा फरक संपादकांना दिसला नाही, किंवा दिसूनही त्यांनी नजरेआड केला.

वर्तमानपत्रातल्या पट्टीचा किस्सा तर यावर कडीच. २००९ च्या सुरुवातीला तिथेही पीटर अचानक अविवाहित झाला. पण पेपर वाचणाऱ्यांनी असा गिल्ला केला की काही महिन्यांतच पीटर झोपेतून जागा झाला, शेजारी बायको होती, आणि मधलं सगळं स्वप्न निघालं. म्हणजे एकाच नायकाची दोन लग्नं, एक बुडालेलं आणि एक वाचलेलं.

त्यानंतर वादांची रेलचेलच झाली. २०११ मध्ये डीसीने बावन्न मालिका नव्याने सुरू केल्या आणि नायकांना अवतरून पाचेक वर्षंच झाली असं सांगितलं. त्या पाच वर्षांत बॅटमॅनचे एकामागून एक आलेले चार साथीदार, चार रॉबिन, कसे बसवायचे, शिवाय त्यातला एक त्याचा दहा वर्षांचा मुलगा! आयर्नमॅन १९६३ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता. आज तो ऐंशी-नव्वदीचा दिसू नये म्हणून २०१९ मध्ये सियानकाँग नावाच्या काल्पनिक देशातलं युद्धच रचण्यात आलं. २०२४ मध्ये पीटर आणि मेरी जेन दोन मुलांसह संसार करताना दिसले, पण वेगळ्या विश्वातल्या वेगळ्या मालिकेत. वाचकांनी ती डोक्यावर घेतली.

आपल्याकडच्यांना सध्या जास्त जिव्हाळा आहे तो पवित्र प्रभाकरचा. २००४ च्या सुमारास निघालेल्या चार अंकांतला हा धोतर नेसणारा मुंबईचा स्पायडरमॅन. त्याला शक्ती एका योग्याने दिली, कोळी चावून नव्हे. त्याच्या जगाला ५०१०१ हा क्रमांक मिळाला आणि २०१४ च्या कथेत इतर विश्वांतल्या स्पायडरमॅनांबरोबर त्याची वर्णी लागली. २०२३ च्या ॲनिमेशनपटात तो पुन्हा आला. चित्रपटाने तर चाहत्यांचा 'कॅनन' (अधिकृत धरलेली कथा) हा शब्दच कथानकात घेतला आहे: अमुक घटना घडलीच पाहिजे, टाळली तर विश्व कोसळतं. तिथे पवित्रच्या मैत्रिणीचे, गायत्री सिंगचे, पोलीस वडील मरायला हवे होते आणि ते वाचले. पण जुन्या अंकांत गायत्री नाहीच. तिथे होती मीरा जैन. ती त्या मुंबईतून कधी आणि का गेली, याचा खुलासा चित्रपटाने केलेला नाही. जुने अंक जपून ठेवलेले म्हणतात की ही मुंबईच वेगळी धरा. नव्यांचं म्हणणं, चित्रपटातला पवित्र तोच खरा, मीराला सोडा. जुने ऐकायला तयार नाहीत.