साधा वर्तमानकाळ (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजीतील सवयी, नेहमीचे व्यवहार आणि कायम खऱ्या असणाऱ्या गोष्टी सांगणारा काळ. 'वॉटर बॉइल्स ॲट हंड्रेड डिग्रीज', 'शी टीचेस मॅथ्स' ही त्याची नमुन्याची वाक्ये. दुसऱ्या वाक्यातली बाई या घटकेला झोपलेली असली तरी वाक्य खरेच राहते.

क्रियापदाचे मूळ रूप जसेच्या तसे वापरायचे. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तरच 'एस' किंवा 'ईएस' जोडायचा. मराठीत 'तो जातो, ती जाते' असे लिंगानुसार रूप बदलते, इंग्रजीत 'ही' आणि 'शी' दोघांनाही 'गोज'च लागते. 'कॅन', 'मस्ट' यांना हा प्रत्यय लागत नाही. जुन्या इंग्रजीत या जागी 'एथ'सारखा प्रत्यय होता. 'एस' उत्तरेकडच्या बोलींतून दक्षिणेत पसरला. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, अजून 'एथ'च आहे, शेक्सपियरकडे मात्र दोन्ही रूपे सापडतात.

नकार आणि प्रश्न 'डू' किंवा 'डझ' घेऊन होतात. 'एस' तेव्हा 'डझ'मध्येच सामावतो, म्हणून 'शी डझ नॉट वर्क' बरोबर आणि 'डझ नॉट वर्क्स' चूक. वर्गात गुण इथे सहज जातात.

मराठी विद्यार्थ्याला हा काळ समजावताना घरचीच भाषा कामी येते, आणि तिचा उपयोग फारच कमी केला जातो. 'तो चहा पितो' म्हणजे 'ही ड्रिंक्स टी', 'तो चहा पितोय' म्हणजे 'ही इज ड्रिंकिंग टी'. ही जोडी एकदा कानात बसली की निम्मा गोंधळ मिटतो. मात्र ती सगळीकडे चालत नाही. दारात उभे राहून आपण 'चला, मी निघतो' म्हणतो, तिथे इंग्रजीत 'आय ॲम लीव्हिंग' हवे. 'पाऊस आला तर मी घरीच थांबेन' यात मराठी भूतकाळाचे रूप घेते, इंग्रजी मात्र साधा वर्तमानकाळ: 'इफ इट रेन्स, आय विल स्टे ॲट होम'. 'इफ इट विल रेन' ही चूक नेमकी इथे होते.

'नो' (माहीत असणे, ओळखणे), 'वाँट', 'बिलाँग' अशी स्थितिदर्शक क्रियापदे आत्ताची गोष्ट सांगतानाही याच काळात येतात. भारतात ऐकू येणारे 'आय ॲम नोइंग हिम' प्रमाण इंग्रजीत बसत नाही. 'आय नो हिम' म्हणावे.

वेळापत्रकातला भविष्यकाळही यातच सांगतात: 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स'. 'आय प्रॉमिस' म्हणताच वचन दिले जाते, तेही याच काळात. क्रिकेटच्या समालोचनात चेंडू टाकला जात असताना 'ही बोल्स' म्हणतात, आणि वर्तमानपत्रांचे मथळे कालची घटनाही वर्तमानकाळात छापतात.