पहाटे तीनचं मन

दुपारी कुणीतरी सहज काही बोललं. ऐकलं आणि सोडून दिलं. पहाटे तीनला जाग येते तेव्हा तेच वाक्य छातीवर येऊन बसतं. आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही, हे जणू सिद्धच झालेलं असतं. उजाडल्यावर मात्र त्याच वाक्यात विशेष काही सापडत नाही.

मधल्या वेळात बदललेला असतो मेंदू. धोका टिपणारा अमिग्डाला आणि त्याला लगाम घालणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, या जोडीचा तोल झोपेवर अवलंबून असतो. झोपेचे अभ्यासक मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये काही तरुणांना सुमारे 35 तास जागं ठेवलं आणि एमआरआय यंत्रात त्यांना नकोशी चित्रं दाखवली. नीट झोपलेल्यांपेक्षा त्यांचा अमिग्डाला 60 टक्क्यांहून जास्त चेतवला गेला. लगामही सैल पडलेला दिसला.

हा सैल लगाम जिवावरही बेतू शकतो का? आत्महत्यांच्या वेळा पाहा. नुसते आकडे मोजले तर दिवसाचे जास्त भरतात. पण रात्री जागं असतं कोण? झोपेचे संशोधक मायकेल पर्लिस यांच्या गटाने अमेरिकेतल्या आत्महत्यांच्या नोंदी घेताना कोणत्या तासाला किती लोक जागे असतात, हेही हिशेबात धरलं आणि चित्र उलटलं: मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत धोका अपेक्षेच्या तिपटीहून अधिक. अर्थात, त्या वेळी जागे असणाऱ्यांत आधीच त्रासलेले लोक जास्त असणार. नैराश्य झोप उडवतं, हेही खरंच. तरी नैराश्याचा परिणाम वेगळा काढल्यावरही अनेक अभ्यासांत अपुऱ्या झोपेचा आत्महत्येच्या विचारांशी दुवा उरतोच.

निद्रानाश असलेल्या बहुतेकांच्या मनात असले विचार येतही नाहीत, त्यामुळे दोन रात्री झोप लागली नाही म्हणून घाबरू नये. पण आठवडेच्या आठवडे तसंच चाललं, तर ‘ताण असेल’ म्हणून अंगावर काढू नये. निद्रानाशावरची वर्तनोपचार पद्धत गोळ्यांशिवाय चालते: उठण्याची वेळ ठरलेली, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसायचं.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी सोय. ‘जीव नकोसा वाटतो का?’ या प्रश्नाला माणूस बिचकतो. ‘झोप लागते का?’ याला खरं उत्तर देतो. तिथून पहिला प्रश्न विचारणं सोपं जातं, आणि तो विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. मरणाचे विचार येतच असतील तर सकाळची वाट पाहू नये. हेल्पलाइनला फोन करावा, घरातल्या कुणाला तरी उठवावं. झोपमोड होईल त्यांची, होऊ दे.