रश्शावरचा तवंग आणि चिपवरच्या रेषा

कोल्हापुरात तांबड्या रश्शाची वाटी पुढे आली की नजर आधी जाते ती लालभडक तवंगाकडे. तेलाचे आणि पाण्याचे पटत नाही, म्हणून कितीही ढवळले तरी तेल पुन्हा वर येते. पण तेलाचा प्रत्येक रेणू पाण्याच्या एकेका रेणूला कायमचा बांधून टाकला, तर तवंग जमणार कसा?

'ब्लॉक कोपॉलिमर' या पदार्थांत हाच पेच मुद्दाम घातलेला असतो. थर्मोकोलमधले पॉलिस्टायरीन आणि अ‍ॅक्रिलिक काचेतले पीएमएमए यांच्या लांबलचक साखळ्या टोकाला टोक लावून रासायनिक बंधाने जोडतात. साखळी लांब असली की मिसळण्यातून होणारा एन्ट्रॉपीचा, म्हणजे विस्कळीतपणाचा, लाभ इतका अल्प उरतो, की किंचितशी नावडसुद्धा दोघींना वेगळे करायला पुरते. जोड मात्र तुटत नाही. त्यामुळे ही फारकत साखळीच्या लांबीपुरतीच राहते आणि सुमारे 5 ते 100 नॅनोमीटर मापाची नक्षी आपोआप उमटते. दोन्ही भाग निम्मे-निम्मे असतील तर थर, एक कमी झाला तर दंडगोल, आणखी कमी झाला तर गोळे. (पावसाळ्यात चामड्याची कोल्हापुरी जपून ठेवून आपण जी चप्पल घालतो, तिच्या रबरी तळातही पुष्कळदा याच कुळातले एसबीएस असते.)

चिप बनवणाऱ्यांना या नक्षीचे आकर्षण वाटते ते तिच्या मापामुळे. सिलिकॉनच्या चकतीवर या पॉलिमरचा पातळ थर देऊन तो सुमारे 200 अंश सेल्सिअसला तापवला की साखळ्या हालचाल करून आपापली जागा धरतात. मग अतिनील किरणांनी पीएमएमए मोडून ते अ‍ॅसेटिक आम्लाने धुऊन काढतात, आणि उरलेले पॉलिस्टायरीन खालचे सिलिकॉन कोरण्यासाठी साचा म्हणून वापरतात. मोकळे सोडले तर थर बोटाच्या ठशासारखे वेडेवाकडे वळतात, म्हणून पृष्ठभागावर आधी विरळ मार्गदर्शक रेषा आखाव्या लागतात. त्यांच्यामधल्या जागेत पॉलिमर स्वतःच्या मापाच्या आणखी काही रेषा भरून घेतो.

याच थरांनी प्रकाश परावर्तित करून रंग दाखवायचा, तर मात्र माप मोठे लागते. हिरवा रंग परावर्तित करायला थरांची पुनरावृत्ती साधारण 180 नॅनोमीटरवर व्हावी लागते. त्यासाठी साखळ्या फार लांब घ्याव्या लागतात, आणि लांब साखळ्या एकमेकींत गुंतून मंदावतात. जमले तर मोराच्या पिसाप्रमाणे रंगद्रव्याशिवाय रंग दिसतो, आणि एखाद्या द्रावकाने थर फुगवले की तो बदलतोही.

खरी अडचण दोषांची आहे. रंगाच्या पापुद्र्यात एखादा थर चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण चिपमध्ये एक तुटलेली रेषा म्हणजे निकामी विद्युत मंडल. शिवाय दरम्यानच्या काळात 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाने बारीक रेषा थेट छापता येऊ लागल्या. म्हणूनच आता या पॉलिमरकडे नक्षी काढण्याइतकेच, त्या प्रकाशाने छापलेल्या रेषांच्या खडबडीत कडा सरळ करण्याचे कामही सोपवून पाहिले जात आहे.