आपत्तीनंतरची उपग्रह प्रतिमा: कोण मागू शकतो, कुठे मागायची आणि अर्ज कुठे अडतो

मोठी आपत्ती आली की उपग्रहांच्या प्रतिमा आणि त्यावरून केलेले नकाशे मोफत मिळतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. ते कुणाला मिळतात, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. मग पूर आला की महाविद्यालयांचे भूगोल विभाग, मदतीला धावणाऱ्या संस्था, कधी एखादा तळमळीचा पत्रकारसुद्धा परदेशी अवकाश संस्थांना मेल करतो. उत्तर येतच नाही, किंवा ‘आपण अधिकृत वापरकर्ते नाही’ एवढी एक ओळ येते. तोवर पाणी ओसरलेले असते. असे अर्ज वाया जाताना पाहून वाईट वाटते, कारण प्रतिमा अस्तित्वात असते आणि गरजही खरी असते. चुकलेले असते ते दार.

आशियात अशी दोन मुख्य दारे आहेत. पहिले ‘अवकाश आणि मोठ्या आपत्ती’ या विषयावरचा आंतरराष्ट्रीय चार्टर, म्हणजे अवकाश संस्थांमधला करार. १९९९ साली व्हिएन्नातल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश परिषदेनंतर युरोपीय आणि फ्रेंच अवकाश संस्थांनी तो सुरू केला, नोव्हेंबर २००० पासून तो प्रत्यक्षात आला आणि २००१ मध्ये इस्रो त्यात सामील झाली. दुसरे दार ‘सेंटिनेल आशिया’. आशिया-पॅसिफिक देशांच्या अवकाश मंचावर २००५ साली ते ठरले आणि पुढच्या वर्षी काम सुरू झाले. त्याचे सचिवालय जपानची अवकाश संस्था जाक्सा सांभाळते. इस्रो इथेही प्रतिमा पुरवते. युरोपच्या सेंटिनेल नावाच्या उपग्रहांशी या व्यवस्थेची गल्लत करू नका. तो वेगळा मामला आहे, त्याकडे शेवटी येतो.

शेजारी देशांनी मिळून अशी व्यवस्था का केली, हे समजून घेतले तर अर्जातला निम्मा घोळ टळतो. १८ ऑगस्ट २००८ रोजी कोसीचा बांध फुटला तो नेपाळात, कुसहाजवळ, आणि बुडाला बिहार. २००४ मध्ये तिबेटात पारेचू नदीवर दरड कोसळून तलाव साचला. तिथे आपला माणूस पोचणे शक्य नव्हते, म्हणून त्यावर उपग्रहातून नजर ठेवावी लागली. जून २००५ मध्ये तो फुटला आणि सतलजला पूर आला तो हिमाचलात. ऑगस्ट २०१४ मध्ये नेपाळात जुरे इथे डोंगर कोसळून सुनकोशी अडली, तेव्हा बिहारमधल्या कोसीकाठच्या लोकांना हलवावे लागले. थोडक्यात, नुकसान आपल्याकडे असले तरी मागायची प्रतिमा अनेकदा सीमेपलीकडच्या जागेची असते. अर्जात मात्र लोक नकाशावर फक्त बुडालेल्या गावाचा चौकोन आखून देतात आणि वरच्या अंगाचा तलाव, फुटलेला बांध त्यात येतच नाही.

पात्रता: इथेच सर्वाधिक अर्ज पडतात

चार्टरकडे मागणी करू शकतो तो फक्त ‘अधिकृत वापरकर्ता’. व्यक्ती नाही, महाविद्यालय नाही, स्वयंसेवी संस्था नाही, जिल्हा परिषदही नाही. आपत्ती निवारणाची जबाबदारी असलेली राष्ट्रीय पातळीवरची संस्था किंवा तिने नेमलेली यंत्रणाच हा दर्जा मिळवू शकते. पूर्वी चार्टरच्या सदस्यांशी संबंध असलेल्या देशांपुरतेच हे होते. २०१२ पासून कोणत्याही देशाची आपत्ती संस्था त्यासाठी अर्ज करू शकते. अटी कागदावर सोप्या दिसतात: आलेले नकाशे उतरवून घेऊन वापरण्याची क्षमता हवी आणि मागणीचा सगळा पाठपुरावा इंग्रजीतून करता यायला हवा. मंजुरीआधी प्रशिक्षण होते. हे सगळे शांततेच्या काळात करायचे काम आहे. पूर आल्यावर हा दर्जा मागणे निरर्थक आहे.

सेंटिनेल आशियाची वेस थोडी रुंद आहे. तिथे आपत्कालीन निरीक्षणाची विनंती दोन प्रकारच्या संस्था करू शकतात: सेंटिनेल आशियाच्या संयुक्त प्रकल्प गटाच्या सदस्य संस्था, आणि आशियाई आपत्ती निवारण केंद्राच्या सदस्य देशांच्या संस्था. हे केंद्र जपानमध्ये कोबे इथे आहे, १९९५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या शहरात १९९८ साली स्थापन झालेले. विनंती जाते ती याच केंद्राकडे. ते ती तपासते आणि पटल्यास प्रतिमा देणाऱ्या अवकाश संस्थांकडे आणि विश्लेषण करणाऱ्या संस्थांकडे पाठवते. आपत्ती मोठी असेल तर हेच केंद्र मागणी पुढे चार्टरकडेही नेऊ शकते. संशोधन संस्थांना गटाचे सदस्यत्व मिळू शकते, पण संस्था म्हणून. प्राध्यापकाने स्वतःच्या मेलवरून केलेली विनंती तिथेही चालत नाही.

मग जिल्ह्यातल्या माणसाने काय करायचे? परदेशात मेल करूच नका. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मागणी तिथून राज्याच्या आपत्कालीन कार्य केंद्राकडे आणि पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे जायला हवी. हे केंद्र इस्रोचेच आहे. पुराच्या काळात ते राज्यांना नकाशे देतच असते, आणि देशातली प्रतिमा पुरेशी नसेल तर चार्टरचा मार्गही इस्रोकडेच आहे. महाराष्ट्रापुरते, चौकोन आखायला किंवा गावांच्या सीमा नकाशावर बसवायला नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची मदत मागता येते.

ही साखळी कागदावर सुरेख आहे. प्रत्यक्षात अनेक कार्यालयांत हे पत्र कुणाच्या टेबलावर जायचे हेच ठरलेले नसते. महसूल शाखा आपत्ती कक्षाकडे बोट दाखवते, आणि आपत्ती कक्षातला एकुलता एक माणूस त्या वेळी बोटी आणि तराफे जमवत असतो. पत्र आवक-जावकमध्ये दोन दिवस पडून राहते. या विलंबाला कसलेही समर्थन नाही. यात उपग्रहाचा दोष नाही, पैसा लागत नाही, फक्त एका सहीची वाट पाहिली जाते. म्हणून पावसाळ्याआधीच जिल्हा कार्यालयाला विचारा: ही मागणी कोण करणार, त्याच्या गैरहजेरीत कोण, आणि मेल कोणत्या पत्त्यावर जाणार? उत्तर लेखी घ्या.

नेपाळ किंवा बांगलादेशात काम करणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांना तर पात्रतेचा घोळ फारच भोवतो. भारतीय संस्थेचे पत्र तिथे चालत नाही. ज्या देशात आपत्ती, त्या देशाच्या आपत्ती प्राधिकरणामार्फत जा. संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेबरोबर काम करत असाल तर तिच्या वतीने युनोसॅट हे संयुक्त राष्ट्रांचे उपग्रह केंद्र चार्टरकडे मागणी करू शकते. हिमालयी भागासाठी काठमांडूचे इसिमोड आहे. अफगाणिस्तानापासून म्यानमारपर्यंत 8 देशांचे हे केंद्र अशा नकाशांचे काम स्वतः करते, त्यामुळे आधी त्यांच्याकडे चौकशी करणे शहाणपणाचे.

मुदत: दहा दिवस कुठून मोजायचे

चार्टरकडे मागणी घटनेपासून १० दिवसांच्या आत जावी लागते. शासनाने तालुका आपत्तीग्रस्त जाहीर केला त्या तारखेपासून नव्हे, पंचनामा झाला तेव्हापासून नव्हे, आणि तुमचे पत्र जिल्ह्याला मिळाले तेव्हापासूनही नव्हे. शासन आदेशाची प्रत जोडण्यासाठी थांबलेले लोक मी पाहिले आहेत. त्या प्रतीची इथे कुणाला गरज नसते. थांबू नका.

वेळेचा आणखी एक फास आहे. अशा अर्जांत वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये धरली जाते. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास, नेपाळची पावणेसहा तास. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप काठमांडूच्या घड्याळात ११:५६ ला झाला, यूटीसीत तो ६:११ चा. दिवसा घडलेल्या घटनेत तारीख तरी तीच राहते. पण वायनाडची दरड ३० जुलै २०२४ च्या पहाटे एकनंतर कोसळली, तेव्हा यूटीसीत अजून २९ तारीख होती. अर्जात नुसती ‘२९ जुलै’ लिहिली तर त्याच दिवशी सकाळी, म्हणजे दरडीच्या कित्येक तास आधी टिपलेली प्रतिमा ‘नंतरची’ म्हणून धरली जाण्याचा धोका असतो. तारखेबरोबर वेळ लिहा, आणि ती कुठली वेळ आहे तेही लिहा.

जागा कशी लिहायची

गावाचे नाव पुरेसे नाही, कारण एकाच नावाची गावे प्रत्येक राज्यात असतात. अक्षांश-रेखांश लागतात, आणि शक्य तर चौकोनाच्या चारही कोपऱ्यांचे. बाद होणाऱ्या अर्जांत दोन चुका सतत दिसतात. पहिली, अदलाबदल. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व. हे आकडे उलटे लिहिले तर ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. भारतात अक्षांशाचा आकडा नेहमी रेखांशापेक्षा लहान असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दुसरी चूक जास्त फसवी, कारण ती नकाशावर पटकन दिसत नाही. १६ अंश ४२ मिनिटे म्हणजे १६.७०, पण लोक लिहितात १६.४२. ठिकाण तीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकते. प्रतिमा येते, सुंदर येते, पण तिच्यात तुमचे गाव नसते.

चौकोन किती मोठा, हाही प्रश्न. ‘संपूर्ण जिल्हा’ लिहिण्याचा मोह आवरा. कार्टोसॅट-३ सारखा बारीक तपशील टिपणारा उपग्रह एका फेरीत जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो. जिथे माणसे अडकली आहेत, पूल तुटला आहे, बांध फुटला आहे, तो भाग आधी द्या आणि उरलेला दुसऱ्या क्रमांकावर.

काय मिळत नाही

दुष्काळासाठी चार्टर नाही. मराठवाड्यातून ही विचारणा वारंवार होते आणि दर वेळी नकार मिळतो. साथीचे नेहमीचे रोग, युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष यांसाठीही नाही. पुनर्बांधणीचे नियोजन, नुकसानभरपाईचा दावा, पीक विम्याचा पुरावा यांसाठी तर मुळीच नाही. ही व्यवस्था पहिल्या काही दिवसांच्या बचाव आणि मदतीसाठी आहे. शेतकरी बंधूंनो, कुणी पैसे घेऊन ‘सॅटेलाइट फोटो काढून देतो, पंचनाम्याला चालेल’ म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका. या व्यवस्थेतून असा कागद निघत नाही.

जिवंत चित्रफीतही मिळत नाही. उपग्रह त्याच्या कक्षेतून जाईल तेव्हाच पाहतो.

अर्जात ‘कसली प्रतिमा हवी’ या रकान्यात बहुतेक जण ‘स्पष्ट रंगीत छायाचित्र’ असे लिहितात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा अर्थ पांढऱ्या ढगांचे छायाचित्र असा होतो. पुरासाठी रडार प्रतिमा मागा, म्हणजे जिला या कामातले लोक ‘सार’ म्हणतात ती. रडार ढगांतून आणि अंधारातही पाहते. संथ पाणी तिच्या लहरी दुसरीकडेच परतवते, म्हणून पूर तिथे काळा दिसतो. मात्र उभ्या उसात शिरलेले पाणी आणि इमारतींच्या दाटीतले पाणी तिला नीट ओळखता येत नाही. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांआड सावली पडते, तिथली दरड दिसेलच असे नाही. वायनाडला ३१ जुलैला रडार आणि कार्टोसॅट-३ या दोन्हींच्या प्रतिमा वापरल्या गेल्या. दरडीसाठी अशी जोडमागणी करा, आणि आपत्तीपूर्वीची तुलनेची प्रतिमाही त्याच अर्जात मागा. ती वेगळ्या अर्जाने मागायला गेलात तर दिवस जातात.

नकाशा हातात आल्यावर

चार्टरने तयार केलेले नकाशे बहुधा सर्वांसाठी खुले होतात, मूळ प्रतिमा मात्र परवान्याच्या अटीवर त्या आपत्तीपुरती मिळते. ती व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, वर्तमानपत्राला देऊ नका. मागणी करणाऱ्या कार्यालयावर त्याचा ठपका येतो आणि पुढच्या वेळी तेच कार्यालय अर्ज करायला कचरते. नकाशा कसा वापरला, याचा अभिप्राय मागितला जातो. तो भरा. दोन ओळींचा असला तरी चालेल, पण खरा असावा: बोटी कुठे पाठवल्या, कुठला रस्ता बंद असल्याचे कळले, काय चुकीचे निघाले.

ज्यांना ही दोन्ही दारे बंद आहेत त्यांनी हात बांधून बसायचे कारण नाही. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांच्या रडार प्रतिमा कोपर्निकस या युरोपच्याच पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की कुणालाही मोफत मिळतात. एक उपग्रह त्याच कक्षेवर १२ दिवसांनी परततो, त्यामुळे ऐन पुराच्या दिवसाची प्रतिमा मिळेलच याची खात्री नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे भूनिधी आणि भुवन ही संकेतस्थळे आहेत. भारताच्या २०२३ च्या अवकाश धोरणानुसार ५ मीटर आणि त्याहून ढोबळ तपशिलाच्या प्रतिमा खुल्या आणि मोफत देण्याचे ठरले आहे. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, तोही १२ दिवसांच्या फेरीने जमीन पाहतो.

या संकेतस्थळांवरचे खाते पाऊस सुरू होण्याआधी उघडा, आणि आपल्या नदीखोऱ्याची मे महिन्यातली एक रडार प्रतिमा आताच संगणकावर उतरवून ठेवा. सेंटिनेल-१ ची एक फाइल जवळजवळ एक जीबीची असते, आणि पुराच्या आठवड्यात तालुक्याच्या गावी वीज आणि नेट दोन्ही एकदम मिळणे कठीण.