प्रयोग घेणाऱ्याच्याच डोळ्यांवर पट्टी का?

मानसशास्त्राच्या शोधनिबंधात 'डबल ब्लाइंड' हा शब्द हमखास भेटतो. कोणत्या गटाला काय दिलंय हे प्रयोगात बसलेल्याला माहीत नसतं आणि प्रयोग घेणाऱ्यालाही नसतं. यातली पहिली पट्टी जुनी आहे. 1784 साली पॅरिसमध्ये मेस्मर या डॉक्टरच्या 'प्राणी-चुंबकत्वा'ची, म्हणजे शरीरातल्या अदृश्य शक्तीने आजार बरे होतात या दाव्याची, तपासणी झाली तेव्हा फ्रँकलिन, लव्हाझिए यांच्या समितीने लोकांचे डोळे खरोखरच बांधले होते. दुसरी पट्टी का लागते, हे मात्र मानसशास्त्राला एका घोड्याने शिकवलं.

बर्लिनमधले निवृत्त गणितशिक्षक विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हा घोडा, हान्स. बेरीज, अपूर्णांक, तारीख, काहीही विचारा, हान्स टापा आपटून उत्तर द्यायचा. मालक तमाशाचे पैसेही घेत नव्हता. 1904 च्या सप्टेंबरमध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या समितीने सांगितलं की यात लबाडी नाही. ते खरंच होतं, आणि खरी अडचण तिथेच होती. आपला नंदीबैल मान डोलावतो तेव्हा इशारा कोण देतंय हे निदान नंदीबैलवाल्याला तरी ठाऊक असतं. इथे मालकालाच पत्ता नव्हता.

मग श्टुम्फ यांचे विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट कामाला लागले. बघ्यांचा त्रास नको म्हणून अंगणात तंबू ठोकला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. आकड्याचं कार्ड घोड्याला दाखवायचं. कधी ते विचारणाऱ्याने आधी पाहिलेलं असायचं, कधी नाही. पाहिलेलं असलं की 98 टक्के उत्तरं बरोबर, नसलं की 8 टक्के! घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला, तेव्हाही हान्सचं गणित कोसळायचं.

प्रश्न विचारून झाला की माणूस टापांकडे बघायला किंचित वाकतो, आणि योग्य आकडा आला की त्याचं डोकं नकळत जेमतेम मिलिमीटरभर वर उचललं जातं. हान्स तेवढंच वाचत होता. फुंग्स्ट तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रयोगशाळेत ते स्वतः घोडा झाले: समोरच्याने मनात आकडा धरायचा, यांनी हाताने ठोके द्यायचे. बहुतेकांच्या डोक्याने तीच चुगली केली. (मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग हाच.) हे सगळं 1907 मध्ये पुस्तकरूपाने आलं. फॉन ऑस्टेन यांना ते कधीच पटलं नाही. 1909 मध्ये ते वारले.

धडा मात्र रुजायला वेळ लागला. 1963 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोड यांनी विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितलं, तुमचे हुशार वाणाचे. काहींना, तुमचे मठ्ठ. उंदीर प्रत्यक्षात एकाच प्रतीचे, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. तरी चक्रव्यूहातली वाट शिकण्यात 'हुशार' उंदीर सरस ठरल्याच्या नोंदी आल्या, आणि त्या ज्यांनी लिहिल्या त्या विद्यार्थ्यांना आपण उंदरांची निव्वळ मोजदाद करतोय असंच वाटत होतं.