पायांतील रोहिणी-अवरोध

उदरातील महारोहिणीपासून पावलापर्यंत रक्त नेणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्याने किंवा बंद पडल्याने पायाच्या स्नायूंना व त्वचेला पुरेसे रक्त न मिळणे, या अवस्थेस पायांतील रोहिणी-अवरोध म्हणतात. बहुतेक रुग्णांत रोहिणीच्या आतील अस्तरात मेद व कॅल्शियम साचून हा विकार वर्षानुवर्षे वाढत जातो. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब व वाढते वय ही त्याची प्रमुख कारणे होत. तरुण धूम्रपींना होणारा बर्गर विकार हा रोहिणीदाहाचा वेगळा प्रकार आहे. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे तपशीलवार वर्णन केले असले, तरी फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी १८७९ मध्ये वर्णिलेला रुग्ण याच विकाराचा असावा.

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येऊन दुखू लागणे आणि नुसते उभे राहिल्यानेही काही मिनिटांत ते दुखणे ओसरणे, हे या विकाराचे ठळक लक्षण होय. त्याच्या आद्य वर्णनाविषयी मतभेद आहेत. फ्रेंच पशुवैद्यक झां-फ्रांस्वा बुले यांनी १८३१ मध्ये एका घोडीच्या मागील पायांत ते नोंदवून त्याचा संबंध मांडीतील रोहिण्या बंद पडण्याशी जोडला. माणसातील शोधाचे श्रेय सहसा झां-मार्तँ शार्को यांना (१८५८) दिले जाते. परंतु बेंजामिन ब्रोडी यांनी १८४६ मध्येच असा रुग्ण वर्णिलेला असल्यामुळे शार्को यांच्याकडे लक्षणाच्या शोधापेक्षा त्याच्या प्रसाराचे श्रेय जाणे अधिक उचित वाटते. मणक्यातील नलिका अरुंद झाल्यानेही चालताना पाय दुखतात. मात्र तेथे रुग्णाला बसावे किंवा पुढे वाकावे लागते, त्यामुळे ‘थांबल्यावर बरे वाटते, की बसावेच लागते?’ हा प्रश्न निदानात फार उपयोगी पडतो.

तपासणीत जांघ, गुडघ्यामागील खळगा, घोटा व पावलाची पाठ येथील नाड्या चाचपतात. निदानाचा मुख्य आधार मात्र घोटा-दंड निर्देशांक हा आहे. ट्रॅव्हिस विन्सर यांनी १९५० मध्ये घोट्याजवळील दाबाचे महत्त्व दाखवले आणि १९६० च्या दशकाअखेर रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्रामुळे ही मोजणी सुलभ झाली. रुग्णाला काही वेळ उताणे झोपवून घोट्याच्या वर रक्तदाबमापकाचा पट्टा बांधतात, डॉप्लरची कांडी नाडीवर तिरपी धरतात, आवाज बंद होईपर्यंत पट्टा फुगवतात आणि हवा सावकाश सोडताना आवाज पुन्हा ऐकू येतो तो दाब टिपतात. या दाबास दंडातील दाबाने भागले असता निर्देशांक मिळतो. ०·९० किंवा त्याहून कमी आकडा अवरोध दर्शवतो आणि १·०० ते १·४० हा प्राकृत मानतात. घोट्याच्या दोन रोहिण्यांपैकी कोणता दाब घ्यावा, याबाबत एकमत नाही. कमी दाब घेतल्यास सौम्य विकार निसटत नाही, पण निरोगी व्यक्तीही रुग्ण ठरू शकते. म्हणून नित्याच्या निदानासाठी जास्त दाब घेण्याची प्रथा अधिक ग्राह्य दिसते. दीर्घकालीन मधुमेहात रोहिणीची भित्ती कॅल्शियममुळे इतकी ताठर होते, की पट्ट्याने ती दबत नाही व निर्देशांक फसवा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब मोजतात. अवरोधाची नेमकी जागा स्वनातीत चित्रणाने (सोनोग्राफी) किंवा रोहिणीचित्रणाने (अँजिओग्राफी) ठरवतात.

उपचारात तंबाखू सोडणे अग्रक्रमाचे आहे. या रुग्णांना हृदयविकार व पक्षाघाताचा धोका मोठा असल्याने कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आणि गुठळी रोखणारे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल देतात. देखरेखीखालील चालण्याचा व्यायाम आठवड्यातून किमान तीनदा, दर वेळी ३० ते ४५ मिनिटे, निदान १२ आठवडे करतात. दुखेपर्यंत चालणे, थांबणे व पुन्हा चालणे असा त्याचा क्रम असतो. सिलोस्टॅझॉल या औषधाने चालण्याचे अंतर वाढते, मात्र हृदय-निष्फलता असल्यास ते वर्ज्य आहे.

विश्रांतीतही वेदना, न भरणारा व्रण किंवा कोथ (ऊती मरून सडणे) असल्यास रक्तप्रवाह पूर्ववत करावा लागतो. झां कुनलां यांनी १९४८ मध्ये रुग्णाच्याच पायातील नीला (हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी) वापरून अवरोधाला वळसा देणारी बायपास शस्त्रक्रिया केली. चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलंड येथे रोहिणीत घातलेल्या नलिकेच्या साहाय्याने मांडीतील रोहिणी आतून रुंदावली आणि १९७४ मध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिख यांचा रोहिणी रुंदावणारा फुगा आला. यांपैकी सरस काय, हा वाद मिटलेला नाही. बेस्ट-सीएलआय चाचणीत (२०२२) चांगली नीला उपलब्ध असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रिया सरस ठरली, तर बॅसिल-२ मध्ये (२०२३) गुडघ्याखालील विकारात नलिकामार्गी उपचार. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण व अवरोधाच्या जागा सारख्या नसल्याने हे निष्कर्ष परस्परविरोधी मानण्यापेक्षा नीलेची प्रत व अवरोधाचे स्थान पाहून निवड करणे योग्य होय.

गुठळीने रोहिणी अचानक बंद पडल्यास पाय थंड, फिकट व बधिर होतो. स्नायूंची हानी सुमारे सहा तासांत कायमची होऊ लागते. अशा गुठळ्या काढण्यासाठी टॉमस फोगार्टी यांची फुग्याची नलिका १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे.